९,७०० फुटांवरचा समुद्र : एरोपेरू ६०३चं प्रकरण

२ ऑक्टोबर १९९६. मध्यरात्र उलटून ४२ मिनिटं झाली असताना पेरूची राजधानी लिमाच्या विमानतळावरून एक बोइंग ७५७ चिलीतल्या सांतियागोकडे निघालं. एरोपेरू कंपनीचं उड्डाण क्रमांक ६०३. आत ६१ प्रवासी आणि ९ कर्मचारी. २९ मिनिटांनी ते पॅसिफिक महासागरात कोसळलं. कुणीच वाचलं नाही.

दोन्ही इंजिनं शेवटपर्यंत नीट चालत होती. पंख शाबूत, सुकाणू शाबूत, टाक्यांत सांतियागोपर्यंत पुरेल एवढं इंधन. कॅप्टनच्या गाठीशी जवळपास २२,००० तासांचा अनुभव होता, सहवैमानिकाकडे सुमारे ८,०००. बिघाड होता तो फक्त एका चिकटपट्टीचा. विमान धुताना लावलेली ती पट्टी काढायची राहून गेली होती.

ही गोष्ट बहुतेक वेळा ‘सफाई कामगाराच्या चुकीने ७० बळी’ अशी सांगितली जाते, आणि तिथेच संपवली जाते. मला त्या पट्टीपेक्षा पुढची २९ मिनिटं जास्त महत्त्वाची वाटतात. काही यंत्रं खोटं बोलत होती हे खरं. पण त्याच कॉकपिटमध्ये खरं बोलणारी यंत्रंही होती, आणि ती थोडीथोडकी नव्हती. वैमानिक रात्रभर खोट्या यंत्रांशी वाद घालत राहिले.

पट्टी आणि तिच्यामागचं भोक

विमानाच्या अंगावर, पुढच्या भागात, काही बारीक छिद्रं असतात. त्यांना स्टॅटिक पोर्ट म्हणतात. विमान किती वेगाने जातंय याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. बाहेरच्या स्थिर हवेचा दाब किती आहे एवढंच ती आत कळवतात. वेगाचा दाब मोजायला वेगळी नळी असते, तोंड थेट वाऱ्याकडे असलेली. ती पिटो नळी.

या दोन दाबांवर तीन मुख्य उपकरणं चालतात. उंची दाखवणारा अल्टिमीटर फक्त स्टॅटिक दाब वाचतो. वर जाण्याचा किंवा खाली येण्याचा दर दाखवणारं उपकरण तोच दाब किती झपाट्याने बदलतोय ते बघतं. आणि हवेतला वेग दाखवणारं उपकरण पिटोच्या दाबातून स्टॅटिक दाब वजा करतं. जी बाकी उरेल ती वेगात मोजून दाखवतं. ही वजाबाकी लक्षात ठेवा, पुढे सगळा घोळ तिच्यातच आहे.

विमान धुऊन चकचकीत करताना या छिद्रांत पाणी आणि पॉलिश जाऊ नये म्हणून ती तात्पुरती झाकतात. काम झालं की झाकण काढायचं. त्या रात्री डाव्या बाजूच्या पोर्टवरची पट्टी निघाली नाही. धुणाऱ्याने ती काढली नाही, त्याचं काम तपासणाऱ्याला ती दिसली नाही आणि उड्डाणाआधी विमानाभोवती फेरी मारणाऱ्या कॅप्टनच्याही नजरेतून ती सुटली. रात्रीची वेळ, ७५७ हे उंच पायांचं विमान, पोर्ट डोक्याच्या बऱ्याच वर, आणि पट्टीही काही लाल-पिवळी नव्हती. चौकशी अहवालाने देखभाल विभागावर मुख्य ठपका ठेवला आणि कॅप्टनच्या फेरीतली चूकही नोंदवली. खटला मात्र उभा राहिला तो पट्टी लावणाऱ्या कामगारावर, आणि शिक्षाही त्यालाच झाली. उतरंडीत सगळ्यात खाली जो असतो त्याच्या गळ्यात प्रकरण अडकवणं सोपं असतं, याउपर त्यावर बोलण्यासारखं फार नाही.

चाकं सुटल्यावर

पोर्ट झाकलेलं असलं तरी धावपट्टीवर सगळं ठीकच दिसतं. आत अडकलेली हवा जमिनीवरच्या दाबाचीच असते. त्यामुळे अल्टिमीटर बरोबर, वेगही बरोबर. धावताना दोन्ही वैमानिक आपापले काटे जुळवून बघतात, ते जुळतात आणि विमान उचललं जातं.

मग अल्टिमीटर हलेना. विमान वर चढतंय हे शरीराला कळतंय, नाक वर आहे, इंजिनं जोरात आहेत, आणि काटा जागच्या जागी. सहवैमानिकाच्या हे लगेच लक्षात आलं. त्यापाठोपाठ वाऱ्याच्या झोताचा, म्हणजे विंडशिअरचा इशारा वाजला. असा वारा त्या रात्री नव्हता. संगणकाला मिळणारे आकडे एकमेकांशी जुळत नव्हते म्हणून त्याने तसा निष्कर्ष काढला होता. नंतर पडद्यावर एकेक संदेश येऊ लागले. रडर रेशो. मॅक स्पीड ट्रिम.

हे दोन संदेश काय आहेत ते बघण्यासारखं आहे. वेग वाढला की शेपटीचं सुकाणू कमी हलू द्यायचं, नाहीतर शेपटीवर ताण येतो. ते काम रडर रेशोची यंत्रणा करते. मॅक स्पीड ट्रिम जास्त वेगात विमानाचा तोल सांभाळते. दोन्ही यंत्रणांना वेगाचा आकडा लागतो. वेगाचाच आकडा बेभरवशाचा झाल्यावर दोघींनी हात वर केले. म्हणजे हे तीन वेगवेगळे बिघाड नव्हते, एकाच बिघाडाच्या तीन तक्रारी होत्या. पण कॉकपिटमध्ये त्या एकामागून एक येतात, प्रत्येकीचा आवाज वेगळा, प्रत्येकीची चेकलिस्ट वेगळी. वैमानिक एक चेकलिस्ट उघडतात, तेवढ्यात दुसरी घंटा वाजते. कॉकपिटमधल्या आवाजाच्या नोंदीत ही ओढाताण स्पष्ट ऐकू येते. ऑटोपायलट लावण्याचे प्रयत्नही चालू होते. ऑटोपायलट ज्या आकड्यांवर विमान उडवणार तेच आकडे बिघडलेले आहेत, हे त्या घाईत कोण थांबून बघणार?

पहिल्या काही मिनिटांतच त्यांनी आणीबाणी जाहीर केली. ते योग्यच होतं. खाली शहर आणि मागे डोंगर असताना समुद्राकडे वळणं, तेही योग्यच. समुद्रावर आदळायला काही नसतं, फक्त समुद्र असतो.

नियंत्रकाला विचारलेला प्रश्न

आपले आकडे खोटे आहेत हे कळल्यावर माणूस काय करतो? बाहेरच्या कुणाला तरी विचारतो. वैमानिकांनी लिमाच्या नियंत्रकाला विचारलं : आमची उंची किती दिसते? वेग किती दिसतो? नियंत्रकाने रडारच्या पडद्यावर बघून उत्तर दिलं. पुढे त्यांनी हाच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला आणि दर वेळी उत्तर मिळालं.

रडार दोन प्रकारचं असतं. एक प्रकार लहरी सोडतो, त्या विमानावर आपटून परत येतात, त्यावरून विमान कुठे आहे ते कळतं. जागा बदलत जाते तसा जमिनीच्या हिशेबातला वेगही काढता येतो. हे सगळं विमानाला न विचारता. उंची मात्र असं रडार सांगू शकत नाही. त्यासाठी दुसरा प्रकार. जमिनीवरून विमानाला प्रश्न जातो आणि विमानातला ट्रान्सपाँडर आपली उंची उत्तरात पाठवतो. ती उंची तो कुठून घेतो? विमानाच्याच एअर डेटा संगणकातून. तो संगणक कुठून घेतो? स्टॅटिक पोर्टमधून.

एकाच विहिरीचं पाणी दोन घागरींत भरून एका घागरीने दुसरीची चव तपासावी, तसा हा प्रकार होता. वैमानिकांच्या समोर ९,७०० फूट होते, नियंत्रकाच्या पडद्यावरही ९,७०० फूट. दोघांची साक्ष जुळली आणि खोटं पक्कं झालं. नियंत्रकाला दोष देता येत नाही. पडद्यावर दिसलं ते त्याने सांगितलं, आणि मदत करण्याची त्याची धडपडही नोंदीत दिसते. पण उंचीचा आकडा तुमचाच तुम्हाला परत वाचून दाखवतोय, हे वाक्य त्या रात्री कुणाच्याच तोंडून निघालं नाही.

गंमत म्हणा किंवा दैवदुर्विलास म्हणा, त्याच पडद्यावरचा वेग मात्र त्याच्या स्वतःच्या मोजणीचा होता. एका माणसाने सांगितलेल्या दोन आकड्यांपैकी एक उसना, एक अस्सल. दोन्ही एकाच आवाजात, एकाच रेडिओवरून आलेले.

ओव्हरस्पीड आणि स्टॉल, एकाच वेळी

परतीच्या वाटेवर ते गाजलेलं दृश्य घडलं. वेग मर्यादेपलीकडे गेला असा ओव्हरस्पीडचा इशारा वाजत होता आणि त्याच वेळी कंट्रोल कॉलम थडथडत होता. या थडथडण्याला स्टिक शेकर म्हणतात. वेग इतका कमी झालाय की पंखांची उचल आता सुटेल, म्हणजे विमान स्टॉल होईल, असा त्याचा अर्थ. एकाच विमानाचा वेग एकाच क्षणी फार जास्त आणि फार कमी असू शकत नाही. कुणीतरी एक खोटं बोलतंय.

कोण, हे ठरवायला बहुमत लागत नाही. प्रत्येकाच्या माहितीचं मूळ बघावं लागतं. ओव्हरस्पीड वेगाच्या काट्यावर चालतो, म्हणजे पिटो वजा स्टॅटिक. स्टिक शेकर विमानाच्या नाकाजवळच्या एका छोट्या पात्यावर चालतो. ते पातं वाऱ्याच्या दिशेने वळतं आणि पंखाला हवा किती कोनातून भेटतेय ते सांगतं. त्याचा स्टॅटिक पोर्टशी संबंध नाही. पट्टीने त्याचं काहीही बिघडवलेलं नव्हतं.

वेगाचा काटा किती फुगला असेल याचा ढोबळ हिशेब करून बघता येतो. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे १,०१३ हेक्टोपास्कल असतो, ९,७०० फुटांवर तो सातशेच्या आसपास येतो. आत सातशेचा दाब अडकलेला आणि विमान प्रत्यक्षात पाण्याला टेकलेलं, म्हणजे वजाबाकीत तीनशेची चूक. २६० नॉट (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) वेगाने जाणाऱ्या विमानाच्या पिटो नळीत वेगामुळे जो जादा दाब तयार होतो तो जेमतेम ११० हेक्टोपास्कलचा. त्यात खोटे तीनशे मिळवले की काटा साडेचारशे नॉटच्या वर जातो. खरा वेग झाकून टाकायला एवढं पुष्कळ झालं.

हे आकडे बघितले की वैमानिकांनी जे केलं ते का केलं ते समजतं. काटा भन्नाट वेग दाखवतोय, ओव्हरस्पीडची घंटा वाजतेय, म्हणून त्यांनी इंजिनं मंद केली आणि पंखांवरचे स्पीडब्रेक उघडले. काट्यावरचा वेग तरीही उतरेना. उतरणार कसा? विमान जितकं खाली येत होतं तितका बाहेरचा दाब वाढत होता आणि आतली अडकलेली हवा तशीच. खाली येण्यानेच काटा फुगत होता. काटा फुगला म्हणून शक्ती कमी केली, शक्ती कमी केली म्हणून विमान आणखी खाली आलं.

पट्टीने पोर्ट पूर्ण सीलबंद केलं असतं तर बिघाड उलट सोपा झाला असता. उंचीचा काटा गोठला असता आणि गोठलेल्या काट्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. इथे काटे हलत होते, अधूनमधून पटण्यासारखं काही दाखवत होते. अर्धवट बिघडलेलं यंत्र पूर्ण बंद पडलेल्या यंत्रापेक्षा घातक, ते याचसाठी.

खरं कोण बोलत होतं

आता कॉकपिटमध्ये एक नजर फिरवू. कृत्रिम क्षितिज, म्हणजे नाक किती वर आणि पंख किती कलते हे दाखवणारं उपकरण, जडत्वावर चालतं. ते शाबूत. दिशा दाखवणारी यंत्रणा शाबूत. इंजिनांची शक्ती दाखवणारे काटे इंजिनाच्या आतून येतात, ते शाबूत. ७५७मधली इनर्शियल यंत्रणा विमानाचा जमिनीच्या हिशेबातला वेग स्वतः काढते. वाऱ्यामुळे तो हवेतल्या वेगापेक्षा थोडा कमीजास्त असतो, पण खालच्या उंचीवर दोनशे आणि साडेचारशे यांतला फरक सांगायला तो पुरून उरतो. स्टिक शेकर शाबूत.

आणि रेडिओ अल्टिमीटर. हे उपकरण पोटाखालून सरळ खाली रेडिओलहरी सोडतं आणि त्या परत यायला किती वेळ लागला त्यावरून जमिनीपासूनचं किंवा पाण्यापासूनचं अंतर काढतं. २,५०० फुटांच्या खाली आलं की ते बोलू लागतं. हवेचा दाब त्याला माहीतच नाही. जमीन जवळ आल्याचा इशारा देणारी यंत्रणाही याच्यावरच चालते.

शेवटच्या काही मिनिटांत तोच इशारा वाजत होता. ‘टू लो, टेरेन’ असा बजावणारा यंत्राचा आवाज नोंदीत आहे. वैमानिकांनी तो ऐकला, त्यावर बोललेही. काटा ९,७००, नियंत्रक ९,७००, आणि एक यंत्र म्हणतंय खाली आहात. दोनाविरुद्ध एक. पण त्या दोनांचं मूळ एकच होतं हे ज्याला माहीत आहे, त्याच्यासाठी हा सामना एकास एक होता. त्यातही एक बाजू पोर्टवर अवलंबून, ज्या बाजूवरचा विश्वास उडाल्यानेच आणीबाणी जाहीर झाली होती.

इथे वैमानिकांना निर्बुद्ध ठरवण्याचा मोह टाळायला हवा. संध्याकाळी खुर्चीत बसून हा तक्ता मांडायला मला अडचण नाही. त्यांना तो काळोखात, बाहेर ना क्षितिज ना दिवा, सतत वाजणाऱ्या घंटांमध्ये, हातात विमान धरून मांडायचा होता. माणसाची विचारशक्ती आवाजाने आणि भीतीने किती आकसते हे ज्याने सिम्युलेटरमध्ये दोन-तीन बिघाड एकदम घेतलेत त्याला विचारा. म्हणूनच हा तक्ता आकाशात मांडायचा नसतो. कुठलं उपकरण कशावर चालतं, पोर्ट गेलं तर काय जातं आणि काय उरतं, हे जमिनीवरच पाठ असावं लागतं.

आधी उडवा, मग शोधा

अशा वेळी करायचं काय, याचं उत्तर आज बहुतेक सगळ्या विमानांच्या पुस्तकात आहे आणि ते थक्क करण्याइतकं साधं आहे. वेगाच्या काट्याकडे बघू नका. नाकाचा ठराविक कोन धरा, इंजिनाची ठराविक शक्ती लावा. त्या वजनाचं विमान त्या कोनात त्या शक्तीवर ठराविकच वेगाने जातं. काटा काहीही म्हणो.

बोइंग ७३७च्या नव्या पिढीच्या विमानांसाठी हे आकडे वैमानिकांना तोंडपाठ असतात. ऑटोपायलट बंद, इंजिनाची शक्ती आपोआप कमीजास्त करणारा ऑटोथ्रॉटल बंद, नाक कुठे धरायचं ते पडद्यावर सुचवणारा फ्लाइट डायरेक्टर बंद. फ्लॅप, म्हणजे कमी वेगात उचल वाढवणाऱ्या पंखांच्या मागच्या पट्ट्या, उघडे असतील तर नाक १० अंश वर आणि इंजिन ८० टक्के एन-वन (इंजिनाच्या पुढच्या पंख्याचा फिरण्याचा वेग). फ्लॅप आत असतील तर नाक ४ अंश आणि ७५ टक्के. यावर विमान सुरक्षित उडतं. सुबक नाही, पण पडत नाही. मग शांतपणे पुस्तकातला तक्ता उघडायचा, वजन आणि उंचीनुसार नेमके आकडे घ्यायचे आणि त्यानंतर कुठलं उपकरण खोटं ते शोधायला बसायचं.

क्रम महत्त्वाचा आहे. एरोपेरूच्या कॉकपिटमध्ये तो उलटा झाला. आधी बिघाड समजून घेण्याची धडपड, आधी चेकलिस्ट, आधी ऑटोपायलट, आणि विमान त्या सगळ्याच्या मागून आपापलं चढत-उतरत राहिलं. ऑटोथ्रॉटल बंद करण्याचंही असंच. खोट्या वेगावर विश्वास ठेवून तो स्वतःच शक्ती कमी करत असेल तर तुमचा कोन आणि शक्तीचा हिशेब तो मागच्या दाराने मोडतो.

उंचीचं काय? कोन आणि शक्ती धरून वेग सांभाळता येतो, पण उंची कळत नाही. तिथे मला या प्रकरणातला सगळ्यात मोठा निर्णय दिसतो, ज्याच्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. त्यांना खाली यायची घाई नव्हती. सांतियागोपर्यंतचं, म्हणजे काही तासांचं इंधन होतं. इंजिनं ठणठणीत होती. आपली उंची आपल्याला माहीत नाही, हे एकदा मान्य केल्यावर खाली येणं हीच एक धोकादायक कृती उरते. वर राहणं फुकट होतं. नाक वर, शक्ती पुरेशी, समुद्रावर मोठे गोल फेरे, आणि मदतीची वाट.

मदत निघतही होती. वैमानिकांच्या विनंतीवरून, त्यांना वाट दाखवून परत आणण्यासाठी एका बोइंग ७०७ची तयारी लिमामध्ये चालली होती. त्या ७०७कडे स्वतःचे पोर्ट होते, स्वतःचा अल्टिमीटर होता. त्या रात्री उंचीचा दुसरा खरा साक्षीदार मिळण्याची ती एक वाट होती. रात्री दुसऱ्या विमानाच्या शेजारी उडणं सोपं नसतं, प्रवासी विमानाच्या वैमानिकांना त्याची सवयही नसते; पण एकमेकांचे दिवे दिसले आणि दोन्ही विमानं एका पातळीत आली की रेडिओवर एक आकडा ऐकायला मिळाला असता, जो पट्टीतून गाळून आलेला नसता. ते विमान हवेत जाण्याआधीच ६०३ संपलं होतं.

१ वाजून १० मिनिटांच्या सुमारास डावा पंख आणि डावं इंजिन पाण्याला घासलं. वेग २६० नॉट. वैमानिकांना काय झालं ते कळलं, त्यांनी विमान ओढलं, ते सुमारे २०० फूट वर आलंही. १७ सेकंद हवेत राहून ते उलटं होऊन पडलं.

लहान विमानात हेच

थोडं विषयांतर, पण उपयोगाचं. लहान, एका इंजिनाच्या विमानांत स्टॅटिकचा पर्यायी व्हॉल्व्ह असतो. तो उघडला की उपकरणं कॉकपिटच्या आतली हवा वाचू लागतात. आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी असतो, त्यामुळे उंची आणि वेग दोन्ही थोडे जास्त दिसतात, पण चालतात. हा व्हॉल्व्ह नसेल तर जुनी शिकवण अशी, की चढ-उतार दाखवणाऱ्या उपकरणाची काच फोडा, तिथून हवा आत जाईल. ते एक उपकरण खराब होतं, बाकीची दोन परत येतात. अर्थात दाबबंद केबिनच्या जेट विमानात हा इलाज चालत नाही, तिथे आतला दाब मुद्दाम वेगळा ठेवलेला असतो.

दुसरी एक गोष्ट प्रशिक्षक शिकवतात आणि ती वरवर पोरकट वाटते : जे उपकरण खोटं ठरलं ते झाका. कागद, रुमाल, रबरी चकती, काहीही. माहीत असतं की ते बिघडलंय, तरी डोळा सवयीने तिकडे जातो आणि हात त्याच्या मागे जातो. विशेषतः हळूहळू कलणारं कृत्रिम क्षितिज. त्याच्या मागे मागे चांगले वैमानिक धडधाकट विमान सर्पिल गतीने खाली घेऊन गेलेत.

दोन भावंडं, एक चुलत

६०३च्या आठ महिने आधी, ६ फेब्रुवारी १९९६ला, डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या पुएर्तो प्लाताहून निघालेलं बर्गेनएअरचं ७५७ समुद्रात पडलं, १८९ जण गेले. तिथे कॅप्टनच्या बाजूची पिटो नळी तुंबलेली होती. आत गांधीलमाशीने घर केलं असावं, असा अंदाज. सहवैमानिकाचा काटा बरोबर होता, मधला राखीव काटाही बरोबर. तरी विमान स्टॉल झालं. २००९मध्ये एअर फ्रान्स ४४७च्या पिटो नळ्यांत अटलांटिकवर बर्फाचे कण अडकले, वेगाचे आकडे एक मिनिटही धड गेले नव्हते, पण तेवढ्यात नाक वर ओढलं गेलं आणि २२८ लोक गेले. त्या दोन्हींची चर्चा स्वतंत्रपणे करायला हवी, इथे नको.

इथे जास्त उपयोगाचं आहे ते वाचलेलं विमान. १८ जुलै २०१८, ब्रिस्बेन. मलेशिया एअरलाइन्सचं एअरबस ए-३३० क्वालालंपूरला निघालं ते तिन्ही पिटो नळ्यांवर झाकणं तशीच ठेवून. ब्रिस्बेनला एका जातीची गांधीलमाशी पिटो नळीत घर करते म्हणून तिथे जमिनीवर ती झाकतात. पुन्हा तोच प्रकार : संरक्षणासाठी लावलेली वस्तू काढायची राहिली. विमान उडालं आणि वेगाचे आकडे गेले.

या वैमानिकांनी वेगाच्या काट्याशी वाद घातला नाही. ते ११,००० फुटांच्या आसपास चढले आणि तिथे थांबून, घाई न करता, यंत्रणा बदलली. या एअरबसमध्ये अशा वेळेसाठी राखीव वेगपट्टी होती. ती पंखाला हवा भेटण्याच्या कोनावर चालते, म्हणजे ६०३च्या स्टिक शेकरला जे पातं माहिती देत होतं त्याच जातीच्या पात्यावर. लाल-हिरव्या पट्ट्यांत हिरव्यात राहायचं, बस. जमिनीच्या हिशेबातला वेग त्यांना होता, नियंत्रकाकडूनही मिळत होता. सुमारे तासाभराने ते ब्रिस्बेनलाच उतरले. कुणाला खरचटलंही नाही. चाकं गुरुत्वाने सोडावी लागली, नाकाच्या चाकाचं वळणं बंद पडलं, त्यामुळे विमान धावपट्टीवरून ओढून न्यावं लागलं.

याला यशोगाथा म्हणताना ऑस्ट्रेलियाच्या तपास यंत्रणेने काढलेला मुद्दा विसरता येत नाही. धावताना, विमान जमिनीवर असतानाच, पडद्यावर वेगाचे आकडे गेल्याचं दिसत होतं. उड्डाण तिथेच सोडता आलं असतं. पिटो झाकलेली असेल तर हा फायदा असतो : धावू लागताच वेग वाढत नाही, बिघाड लगेच उघडा पडतो.

६०३ला ती सोय नव्हती. स्टॅटिक पोर्टचा बिघाड जमिनीवर बिघाडच नसतो. धावपट्टीवरची प्रत्येक तपासणी तो पास होतो आणि चाकं सुटल्यावर समोर येतो. म्हणून आता अशा झाकणांना भडक रंग आणि लांब लोंबत्या फिती असाव्यात असा आग्रह असतो, आणि साधी चिकटपट्टी वापरायची नाही असं देखभालीच्या सूचनांत वेगळं लिहिलेलं असतं. फेरी मारणाऱ्या वैमानिकाला पोर्ट लांबून ‘बघून’ चालत नाही. रात्र असेल तर टॉर्च थेट छिद्रांवर धरून, छिद्रं मोकळी दिसतात का तेवढं पाहून मगच पुढे सरकायचं.